धर्म सातवा, जात आठवी: मंडणगडकडच्या एका घराची जनगणना

मंडणगड तालुक्यातल्या एका गावात भातशेताच्या पलीकडच्या उतारावर बौद्धवाडी आहे. घरं तीसेक. फेब्रुवारी महिन्यात त्यातल्या बऱ्याच घरांना कुलूप असतं, कारण माणसं मुंबईला. बाकीच्या गावात शिमग्याला आणि गणपतीला गर्दी होते. या वाडीत ती होते एप्रिलमधल्या जयंतीला आणि पुढे मे महिन्यात. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातलं, त्यामुळे जयंतीला मुंबईहून भरून येणाऱ्या गाड्या आधी तिकडे आणि मग आपापल्या वाडीत, असा क्रम ठरलेला.

२०११ च्या जनगणनेत माणसं मोजायची फेरी ९ ते २८ फेब्रुवारी अशी होती. गावच्या जिल्हा परिषद शाळेतले एक गुरुजी प्रगणक होते. मूळचे सांगलीकडचे. कोकणात नोकरीला आलेले देशावरचे शिक्षक ही रत्नागिरी जिल्ह्यात नवलाची गोष्ट नाही, आणि पोरांच्या हजेरीपटामुळे त्यांना गावातलं घर न् घर ठाऊक असतं. पुढे जे घडलं त्यात या ठाऊक असण्याचा भाग मोठा आहे.

जनगणना कायदा १९४८ च्या कलम १५ प्रमाणे भरलेला तक्ता कुणाला पाहायला मिळत नाही, तो कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. म्हणून गुरुजींना मी काही विचारलेलं नाही. खालचं सगळं घरातल्या माणसांनी आपणहून सांगितलेलं आहे. त्या घरातला नातू पुढे काही काळ माझ्या वर्गात होता, आणि समाजशास्त्राच्या तासाला ‘गणना’ या विषयावर बोलताना त्यानेच हे घर वर्गासमोर मांडलं. माणसांची, वाडीची आणि गावाची नावं मुद्दाम गाळली आहेत.

घरात पाच माणसं: गिरणीतून परत आलेले आबा, आजी, सून, बारावीला असलेला नातू आणि सातवीतली नात. मुलगा विरारला, त्याची मोजणी तिकडे. आबा १९५६ साली कळत्या वयाचे होते. त्या डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी हजारोंनी दीक्षा घेतली, त्या गर्दीत ते वडिलांबरोबर होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली आणि ते गावी आले.

पडवीवर काय झालं

तक्त्यात प्रत्येक माणसासाठी प्रश्न होते एकोणतीस. सातवा धर्माचा. आठवा दोन भागांत: ही व्यक्ती अनुसूचित जातीची की जमातीची की दोन्ही नाही, आणि असेल तर त्या जातीचं किंवा जमातीचं नाव. हे नाव राज्याच्या अधिकृत यादीतलंच हवं. यादी प्रगणकाच्या पिशवीत असते. हरिजन, दलित, अस्पृश्य असे ढोबळ शब्द लिहायचे नाहीत, नेमकं नाव विचारून घ्यायचं, अशी सूचना. शिवाय एक अट: अनुसूचित जात फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्याच बाबतीत नोंदवता येते. जमातीला धर्माची अट नाही.

गुरुजी पडवीवर बसले, सुनेने चहा ठेवला. नाव, नातं, वय, लग्न हे झटपट झालं. धर्म विचारल्यावर आबा म्हणाले, “बौद्ध. ठळक लिवा.” गुरुजींनी बौद्ध धर्माचा ठरलेला सांकेतिक आकडा टाकला.

मग आठवा. “एस.सी. ना आबा?”

“व्हय. एस.सी. लिवा.”

“आणि जातीचं नाव?”

“बौद्ध.”

गुरुजींनी यादी उघडली. महाराष्ट्राच्या यादीत ३७ व्या क्रमांकावर महार, मेहरा, तराळ, धेगू-मेगू अशी नावं एकत्र आहेत. बौद्ध हे नाव त्या यादीत कुठेच नाही, आणि नसणारच. ती जातींची यादी आहे, धर्मांची नव्हे. गुरुजींनी हे समजावून सांगितलं. आबांचं उत्तर नातवाने वर्गात त्यांच्याच बोलीत ऐकवलं: “एस.सी. ता सरकारचा नाव हाय, ता लिवा. दुसरा नाव आमी बाबासायबांबरोबर सोडला. ता माझ्या तोंडातनं येनार नाय.”

इथे सून आतून बोलली. तिची काळजी वेगळी. मुलगा बारावीला, पुढे इंजिनिअरिंगला घालायचा, त्यासाठी जातीचा दाखला आणि त्यावर पडताळणी. तिच्या सासऱ्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ आहे आणि त्या कागदाच्या जोरावरच पुढचं सगळं उभं राहणार आहे. “गुरुजी, कागदावर हाय तसंच लिवा. हिंदू महार. उगाच पोराला अडचन नको.” म्हणजे सातव्या प्रश्नाचं लिहून झालेलं उत्तरसुद्धा तिला खोडून हवं होतं.

नातू म्हणाला, “आई, बौद्ध असलं तरी आता सवलत मिळते. धर्म बौद्ध, जात महार, असंच लिहायचं.” हे त्याला मुंबईतल्या वाडीकरांच्या मंडळाने काढलेल्या पत्रकातून कळलेलं.

तीन माणसं, तीन उत्तरं: बौद्ध आणि नाव नाही, हिंदू आणि महार, बौद्ध आणि महार. आजीला कुणी विचारलं नाही, हेही नोंदवून ठेवतो.

गुरुजींनी काय केलं? तक्ता माणसागणिक असतो, घरागणिक नाही, याचा त्यांनी आधार घेतला. आबांना म्हणाले, तुमचं तुम्ही सांगा, बाकीच्यांचं त्यांना सांगू दे. आबांच्या नावापुढे बौद्ध, आणि यादीतलं नाव न सांगितल्यामुळे ‘अनुसूचित जात नाही, जमात नाही’ असा आकडा पडला. आजीचंही तसंच, कारण तिच्यासाठी आबांनीच उत्तर दिलं. सून आणि दोन मुलं बौद्ध आणि महार. सुनेचा ‘हिंदू’चा आग्रह नातवाने मोडून काढला. जनगणनेतल्या उत्तराचा आणि दाखल्याचा काही संबंध नाही हे त्याने तिला पटवलं, आणि ते खरंच होतं.

परिणामी एका घरात एकाच रक्ताची माणसं दोन गटांत गेली. आबा कागदोपत्री अनुसूचित जातीचे नाहीत, त्यांचा नातू आहे.

गुरुजींचं बरोबर होतं का?

माझ्या मते होतं. कायदा म्हणतो, उत्तर देणाराने आपल्या माहितीप्रमाणे खरं सांगायचं आणि प्रगणकाने सांगितलेलं लिहायचं. गुरुजींना ती वाडी कुठली, तिथले लोक कोण, हे शाळेच्या रजिस्टरावरून पक्कं ठाऊक होतं. त्यांनी आबांच्या नावापुढे गुपचूप ‘महार’ लिहिलं असतं तर आकडा ‘खरा’ झाला असता असं कुणी म्हणेल. पण तो आकडा आबांचा नसता, गुरुजींचा असता. प्रगणकाने ओळखीवर भरलेलं उत्तर ही गावपातळीवरच्या गणनेतली सगळ्यात न दिसणारी भेसळ आहे. शेजारच्या वाडीत एका तरुण प्रगणकाने “तुमचं सगळ्यांचं तेच ना?” म्हणून उंबऱ्यावरूनच पुढची घरं भरली, असं वाडीतले लोक सांगतात. ‘तेच’ म्हणजे काय, हे त्याने ठरवलं.

पण गुरुजींचं बरोबर असणं आणि मोजमाप बरोबर असणं या दोन गोष्टी वेगळ्या. आणि इथे मला एक बारीकसा तपशील फार मोलाचा वाटतो. त्याच्या आदल्या वर्षी, २०१० मध्ये, घरयादीची फेरी झाली होती. त्यातही कुटुंबप्रमुख अनुसूचित जातीचा, जमातीचा की इतर, असा प्रश्न होता. मात्र तिथे फक्त गट विचारला होता, नाव नाही. आबांनी तेव्हा क्षणाचाही विचार न करता “एस.सी.” सांगितलं. म्हणजे त्याच माणसाने, त्याच पडवीवर, वर्षाच्या आत, त्याच सरकारला दोन वेगळी उत्तरं दिली, आणि दोन्ही प्रामाणिक होती. बदलला होता तो प्रश्न. वर्ग मान्य, हक्क मान्य, नाव अमान्य. आठव्या प्रश्नाने पहिली गोष्ट मिळवण्यासाठी तिसरीची सक्ती केली आणि तिन्ही घालवल्या.

नियम हलतो तेव्हा माणसं वाढतात

सुनेच्या ‘हिंदू महार’ला हसायचं कारण नाही. त्यामागे चौतीस वर्षांचा व्यवहार आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात, पंजाबातल्या चार शीख जाती सोडल्या तर, अनुसूचित जात म्हणून फक्त हिंदूंना धरलं होतं. १९५६ मध्ये बाकीचे शीख आले. बौद्धांसाठी ती दुरुस्ती १९९० साली झाली. मधल्या काळात महाराष्ट्र सरकारने आपल्या हाताखालच्या सवलती नवबौद्धांना दिल्या, पण केंद्राची नोकरी, केंद्राची शिष्यवृत्ती, राखीव मतदारसंघ यांसाठी कागदावर हिंदू असावं लागे. दीक्षा घेतलेल्या घरांनी शाळेत मुलाचं नाव घालताना ‘हिंदू महार’ सांगितलं ते याच हिशेबाने. रेल्वेत, गोदीत, पोस्टात लागलेल्या कोकणातल्या एका पिढीच्या सर्व्हिस बुकात घरातली पंचशील पताका कुठेच सापडणार नाही.

आणि अजूनही जुना कागद सुटलेला नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा सगळ्यात भक्कम मानला जातो. मग लोक पणजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर शोधतात, मोडी लिपीतलं कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, वाचून घ्यायला माणूस शोधतात. त्या कागदांवर बौद्ध असणं शक्यच नाही. आजोबांनी जे नाव सोडलं ते नातवाला तहसील कचेरीत हुडकावं लागतं. एकीकडे हे चालू असताना दुसरीकडे गणनेत ‘ते नाव सांगू नका’ असं कुणी म्हणालं तर सून ऐकणार कशी?

या नियमाचा आकड्यांवर काय परिणाम होतो ते महाराष्ट्राच्या जनगणनेत उघड दिसतं. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते २,४८७. १९६१ मध्ये २७,८९,५०१. ही धर्मांतराची झेप, तिचं नवल नाही. नवल दुसऱ्या आकड्याचं. १९८१ मध्ये राज्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे ४४.८ लाख होती, एकूण लोकसंख्येच्या ७.१ टक्के. १९९१ मध्ये ती सुमारे ८७.६ लाख झाली, ११.१ टक्के. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. दरम्यान कुणाच्या घरात जुळी-तिळी झाली नव्हती. १९९० ची दुरुस्ती झाली आणि आधी ‘नाही’ म्हणून मोजलेली माणसं ‘आहे’मध्ये आली. जातीय अस्मितेची गणना म्हणून आपण जे वाचतो त्यात राजपत्रातल्या एका ओळीचा वाटा एवढा असतो.

२०११ चा हिशेब

आता त्या पडवीवरची तीन उत्तरं राज्यभर पसरून पाहू.

२०११ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध ६५,३१,२००. देशातल्या एकूण बौद्धांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त. राज्यातली अनुसूचित जातींची लोकसंख्या १,३२,७५,८९८. त्यात धर्म बौद्ध सांगणारे ५२,०४,२८४. दोन्हींची वजाबाकी केली की १३,२६,९१६ बौद्ध असे उरतात, जे कुठल्याही अनुसूचित जातीत नोंदले गेले नाहीत. ही आबांची बाजू. सगळेच आबांसारखे असतील असं नाही. इतर जातींतून आलेले बौद्धही यात आहेत, परदेशी वंशाचे थोडे असतील. पण महाराष्ट्रातल्या बौद्ध समाजाची घडण ज्याला ठाऊक आहे तो या तेरा लाखांतला मोठा भाग कुठून आला हे ओळखेल.

महार म्हणून नोंदलेले एकूण ८०,०६,०६०. त्यांतले बौद्ध ४९,४३,८२१; ही नातवाची बाजू. हिंदू ३०,५५,६९४, ही सुनेची. पण या तीस लाखांत दोन प्रकारची माणसं मिसळलेली आहेत: मनाने आणि आचाराने हिंदू असलेली, आणि घरात बुद्धवंदना म्हणून बाहेर कागदापुरती हिंदू झालेली. जनगणनेच्या तक्त्यातून ती वेगळी काढण्याचा कुठलाही मार्ग नाही. राजकीय भाषणांत हे तीस लाख कधी ‘घरवापसी’चा पुरावा होतात, कधी ‘भीती’चा. दोघांनाही आकडा तेवढं बोलत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात हे चित्र आणखी ठसठशीत आहे. २०११ मध्ये जिल्ह्यात बौद्ध ७ टक्क्यांच्या आसपास, आणि अनुसूचित जाती ४ टक्क्यांच्या किंचित वर. ज्या जिल्ह्यातले जवळजवळ सगळे बौद्ध एकाच पूर्वीच्या जातीतले आहेत, तिथे बौद्धच अनुसूचित जातींहून कितीतरी जास्त! परक्या माणसाने हे दोन तक्ते शेजारी ठेवले तर त्याला वाटेल छपाईची चूक असावी. छपाईची नाही. हा जिल्हा लष्करातल्या सुभेदार-पेन्शनरांचा, महाडच्या तळ्यापासून एका दिवसाच्या चालीवरचा, धर्मांतर मनावर घेतलेला. इथे आबा जास्त आहेत.

आणखी एक कारण मला दिसतं. ते मोजता येत नाही, पण रत्नागिरीत राहणाऱ्याला पटेल. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या १६,९६,७७७ वरून २०११ मध्ये १६,१५,०६९ वर घसरली, आणि दर हजार पुरुषांमागे बायका ११२२. कामाच्या वयाचा पुरुष मुंबईत. पत्रकं निघतात मुंबईत, बैठका होतात मुंबईत, ‘धर्म बौद्ध, जात महार’ हे ठरतं मुंबईत. गावच्या पडवीवर उत्तर द्यायला असतात म्हातारे आणि सुना. ज्या घरात नातू हजर होता तिथे पत्रक पोचलं. बाकीच्या घरांत आबांचं किंवा सुनेचं, जो आधी बोलला त्याचं उत्तर पडलं.

वाडीला काय फरक पडला

गावपातळीवर जनगणनेचा धर्माचा तक्ता छापला जात नाही. तो तालुक्यापर्यंतच मिळतो. गावासाठी मिळतो तो प्राथमिक गोषवारा, आणि त्यात असतो अनुसूचित जातींचा आकडा. म्हणजे आबा बौद्ध म्हणून जिथे मोजले गेले तो आकडा त्यांच्या गावाला दिसतच नाही. जिथे ते गळले तेवढाच दिसतो.

वाडीतल्या पोरांनी तो आकडा मंडळाच्या वर्गणीच्या वहीशी ताडून पाहिला. बराच कमी निघाला. चाकरमान्यांची मोजणी मुंबईत झाली ते सोडूनही कमी. ग्रामपंचायतीतल्या राखीव जागा गावातल्या अनुसूचित जातींच्या प्रमाणात ठरतात, हे संविधानाच्या २४३-ड कलमातच आहे. लहान ग्रामपंचायतीत सदस्य सात किंवा नऊ. तिथे चार घरांच्या उत्तराने एक जागा इकडची तिकडे होऊ शकते. जिल्हा परिषदेमार्फत येणारा अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाचा निधीही वस्तीच्या लोकसंख्येच्या टप्प्यांप्रमाणे बसतो. आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे २०११ च्या त्या फेब्रुवारीतली उत्तरं दहा वर्षांसाठी होती ती पंधरा वर्षं चालली.

आबांना हे सांगितलं तेव्हा ते नातवाला म्हणाले की रस्ता नको म्हणून कुणी सांगितलं, रस्ता करा, नाव कशाला हवं रस्त्याला. गंमत अशी की २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारनेच वस्त्यांची जातिवाचक नावं काढून टाकायचा निर्णय घेतला. रस्त्याचं नाव आबांना हवं तसं झालं. माणसाच्या नावापुढचा रकाना तसाच राहिला.

त्याच वर्षीची दुसरी मोजणी

याच घराचा आणखी एक जबाब आहे. २०११ मध्येच सुरू झालेल्या सामाजिक, आर्थिक व जात पाहणीत प्रगणकाबरोबर टॅब्लेट घेतलेला माणूस आला. तिथे जातीच्या प्रश्नाला चार पर्याय होते: अनुसूचित जात, अनुसूचित जमात, इतर, आणि ‘जात किंवा जमात नाही’. आबांनी चौथा पर्याय ऐकला आणि म्हणाले, “हा आदी कुटं होता?” त्यांच्या दृष्टीने सरकारने पहिल्यांदाच नीट प्रश्न विचारला. सुनेच्या दृष्टीने हाच सगळ्यात धोक्याचा पर्याय.

या पाहणीचं पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. जातींचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. सप्टेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या याचिकेवर केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात म्हटलं होतं की १९३१ मध्ये देशात ४,१४७ जाती नोंदल्या होत्या, या पाहणीत ४६ लाखांहून जास्त नावं आली. एकट्या महाराष्ट्रात अधिकृत याद्यांतल्या जाती ४९४, आणि पाहणीत आलेली नावं ४.२८ लाख. आडनावं, पोटजाती, गोत्रं, लिहिण्यातल्या चुका, सगळं जात म्हणून आत आलं. आठव्या प्रश्नाची यादी माणसांना बाहेर ठेवत होती; या पाहणीत यादीच नव्हती, म्हणून काहीही आत शिरलं. बंद यादी आणि मोकळी जागा ही दोन टोकं, आणि आबांचं घर या दोन्हींत नीट बसलं नाही.

(भाषेच्या दहाव्या प्रश्नाला वाडीत सगळ्यांनी ‘मराठी’ सांगितलं आणि तिथे काही वाद झाला नाही. मालवणात एखाद्याने ‘मालवणी’ सांगितलं असतं तर त्याची मोजणी कोकणीखाली गेली असती, आणि तो जन्मभर स्वतःला मराठी म्हणत राहिला असता. पण ते वेगळं प्रकरण.)

प्रश्न कसा विचारावा

आता २०२७ ची जनगणना आहे. या वेळी जात प्रत्येकाला विचारली जाणार आहे, फक्त अनुसूचितांना नाही. नोंदणी मोबाइलवर होणार आणि लोकांना स्वतःची माहिती स्वतः भरता येणार. मंडळांची पत्रकं पुन्हा फिरू लागली आहेत, आता व्हॉट्सअॅपवर. काही सांगतात ‘धर्म बौद्ध, जात महार’. काही ‘धर्म बौद्ध, जात बौद्ध’. दुसरं पत्रक ऐकायला स्वाभिमानाचं आहे. पण जातीच्या जागी ‘बौद्ध’ लिहिल्याने बौद्धांचा आकडा वाढत नाही, तो धर्माच्या प्रश्नातूनच येतो. कमी होतो तो अनुसूचित जातींचा. हे लिहिणाऱ्याला परिणाम ठाऊक असून तो तसं लिहीत असेल तर त्याचा हक्क. ठाऊक नसेल तर ते त्याला सांगायला हवं.

माझं मत प्रश्नाच्या रचनेबद्दल आहे. जनगणनेला इथे तीन वेगळ्या गोष्टी कळायला हव्यात: माणूस कुठला धर्म मानतो, तो कुठल्या संरक्षित गटात येतो, आणि तो स्वतःला जातीच्या नावाने ओळखवून घेतो की नाही. २०११ च्या तक्त्याने दुसरी गोष्ट तिसरीच्या आडून विचारली. अमेरिकेने २००० पासून वंशाच्या प्रश्नाला एकापेक्षा जास्त खुणा करायची मुभा दिली. त्याने तिथले आकडे गुंतागुंतीचे झाले, पण माणसाला स्वतःचा तुकडा तोडून उत्तर द्यावं लागणं थांबलं. आपल्याकडे तेवढंही नको. बौद्ध धर्मांतरितांना महाराष्ट्रात जातीचा दाखला मिळतो त्याच्या नमुन्यातच धर्मांतराची आणि मूळ जातीची सोय आहे. दाखल्याला जी भाषा सुचली ती गणनेला सुचायला हरकत नव्हती. धर्म ‘बौद्ध’ नोंदला की पुढचा प्रश्न आपोआप असा यावा: ‘धर्मांतरापूर्वीची कुटुंबाची नोंद कुठल्या जातीत होती?’ आणि त्यानंतर वेगळा, ऐच्छिक प्रश्न: ‘आपण आज स्वतःची जात सांगू इच्छिता का?’

यावर आक्षेप आहेत. एक म्हणजे, हे प्रश्न फक्त बौद्धांना विचारले तर धर्मांतरित ख्रिस्ती आणि मुसलमान म्हणतील की आमचीही मूळ जात विचारा. म्हणू देत. त्यांना अनुसूचित जातीत धरायचं की नाही यासाठी २०२२ मध्ये केंद्राने न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. त्या आयोगाला ज्या आकड्यांची गरज आहे ते आकडे नसण्याचं कारण हेच, की कुणी विचारलंच नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. सोडलेलं नाव ‘पूर्वीचं’ म्हणून का होईना, सरकार पुन्हा विचारतंच आहे. ही टोचणी रचनेने जाणार नाही. कमी होईल इतकंच.

आबा आता नाहीत. कुटुंबप्रमुख म्हणून सुनेचं नाव लागलं आहे. मागच्या मे महिन्यात मी वाडीत गेलो तेव्हा वरचे दोन प्रश्न तिला आणि नातीला विचारून पाहिले. नात आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, दाखला आणि पडताळणी दोन्ही झालेली. सुनेने पहिल्या प्रश्नाला लगेच नाव सांगितलं, दुसऱ्याला म्हणाली, “सांगितला ना एकदा, परत कशाला?” नातीने पहिल्याला नाव सांगितलं, तेही आजोबांचं म्हणून. दुसऱ्याला ‘नाही’ म्हणाली. मग तिने विचारलं की मोबाइलवर घरातल्या सगळ्यांचं एकच माणूस भरणार असेल तर तिचं ‘नाही’ कोण भरणार, आई की विरारचा बाबा. आई म्हणाली, भरताना समोर बस आणि काय ते आपलं आपण दाब.